आडवी आलेली गाडी

संजनाने लाल पेनाचं टोपण काढलं आणि टाइप करून आणलेल्या भाषणातली तिसरी ओळ खोडली. मग चौथीही खोडली.

टेबलापलीकडे बसलेले उपनिरीक्षक महेश देवरे खुर्चीत पुढे सरकले.

"मॅडम, तीच तर मेन ओळ आहे."

"म्हणूनच खोडली."

त्या दोन ओळींत लिहिलं होतं की, टाकी चौकातल्या कॅमेऱ्यांमुळे माझं मंगळसूत्र ओढणाऱ्या चोरांचा साथीदार चोवीस तासांच्या आत पकडला गेला आणि त्याबद्दल मी पोलिसांची आणि प्रशासनाची ऋणी आहे. मंगळवारी सकाळी शाळेच्या पटांगणात मांडव पडायचा होता. परिसरात आणखी चाळीस कॅमेरे बसणार होते, त्याचं उद्घाटन. पाहुणे, नारळ, पडद्यावर आकडे आणि मध्ये पाच मिनिटं संजना आहेर, मुख्याध्यापिका, जिच्यावर प्रसंग गुदरला ती.

"पुंजा पगारेला तुमच्या कॅमेऱ्याने पकडलं नाही," ती म्हणाली. "मी बोट दाखवलं आणि तुम्ही उचललं. कॅमेऱ्यात काय आहे ते मी पाहिलेलं नाही. जे पाहिलं नाही ते मी मुलांसमोर बोलत नाही."

"अहो, लोकांना विश्वास वाटतो तेवढाच."

"मग दाखवा मला."

"काय?"

"त्या दिवशीचं चित्रण. एकदा पाहते, मग तुमची ओळ जशीच्या तशी म्हणते. पाठ करून म्हणते."

देवऱ्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. तेवढ्यात सुलाबाई चहा घेऊन आली. गेली अकरा वर्षं ती या शाळेत शिपाई होती. साहेबांचा कप तिने नीट त्यांच्यापुढे ठेवला. संजनाचा कप टेबलाच्या कडेला असा ठेवला की चहा हिंदकळून बशीत उतरला. "बाई, चहा" हे दोन शब्द तिने महिनाभरात उच्चारले नव्हते. सुलाबाई राहायची त्याच वसाहतीत पुंजा पगारेचं घर होतं. त्यामुळे तिचा राग कुठून येतो हे संजनाला ठाऊक होतं, आणि तो राग तिने मनातल्या मनात कधीच निकालात काढला होता. ओळखीच्या माणसाची बाजू सगळेच घेतात.

"उद्या शनिवार," देवरे उठत म्हणाले. "अर्ध्या दिवसाची शाळा ना तुमची? तीन वाजता या. पण मॅडम, एवढं ताणायची खरंच गरज नव्हती."

"ती मला ठरवू द्या."

पंचवीस दिवसांपूर्वीचा तो सोमवार. शिक्षण विभागात कागद देऊन ती सव्वादहाच्या सुमाराला टाकी चौकात रिक्षातून उतरली आणि शाळेच्या दिशेने चालू लागली. डोक्यावर खांबाला चार कॅमेरे होते, चार दिशांना तोंड करून. मागून दुचाकीचा आवाज आला, मानेला हिसका बसला आणि ती गुडघ्यांवर पडली. उठून धावली तेव्हा दुचाकी समोरच्या गल्लीच्या तोंडाशी होती. आणि नेमक्या त्याच वेळी पेरूची हातगाडी सरकन तिच्या आडवी आली. ती गाडीवर आदळली. पेरू पायांत घरंगळले. वर पाहिलं तर गाडीच्या दांडीला हात लावून पुंजा उभा होता आणि कोणाला तरी ओरडून काहीतरी सांगत होता. काय ते तिला कळलं नाही. कानांत नुसतं गरगरत होतं. दुचाकी गेली ती गेलीच.

चोवीस वर्षं तिने वर्गात चेहरे वाचले होते. शाई कोणी सांडली हे पोरांनी तोंड उघडायच्या आत तिला कळायचं, आणि ते सहसा चुकायचं नाही. त्या दिवशी पुंजाचा चेहरा तिने तसाच वाचला. पोलीस ठाण्यात तो तिच्यासमोर उभा होता, उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं, त्यातून रक्त पाझरून काळं पडलेलं.

"बाई, गाडी म्या त्यांच्या आडवी घातली व्हती," तो म्हणाला होता. "तुमच्या नाय."

"मग आडवी मलाच का आली?"

"त्यांचा धक्का बसला न् फिरली. हात सापडला त्याच्यात. हे बघा ना."

"आणि ओरडत कोणाला होतास?"

"धरा धरा म्हनत व्हतो. देवाशप्पथ."

संजना देवऱ्यांकडे वळली होती. "माझ्या शाळेतली नापास होणारी पोरंसुद्धा यापेक्षा बरी कारणं सांगतात," ती म्हणाली होती. ठाण्यातले दोन शिपाई त्यावर हसले होते. पुंजा हसला नव्हता. त्याने मान खाली घातली होती, आणि संजनाने त्या खाली घातलेल्या मानेचाही अर्थ लावून टाकला होता.

दोन दिवस त्याला ठाण्यात बसवून ठेवलं. मंगळसूत्राचा पत्ता लागला नाही, दुचाकीवरच्या दोघांचाही नाही. तिसऱ्या दिवशी त्याला सोडलं, पण कागदावरचं नाव तसंच राहिलं आणि हातगाडीही ठाण्याच्या आवारात राहिली.

शनिवारी तीन वाजता कंट्रोल रूमच्या दारात तिचा मोबाइल एका प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवून घेतला. आत थंडगार होतं. भिंतभर पडदे, त्यांवर शहरातले चौक, आणि कुठलाही आवाज नाही. बस थांबत होत्या, माणसं रस्ता ओलांडत होती, एक कुत्रं दुभाजकावर पाय वर करून उभं होतं, सगळं मुक्याने. पडद्यांसमोर सात-आठ मुलं-मुली बसली होती. त्यांतल्या हर्षाली नावाच्या मुलीजवळ देवऱ्यांनी तिला नेलं.

"टाकी चौक. सहा तारीख, सकाळी दहा चौदा," ते म्हणाले. "मॅडमना फक्त एकदा दाखव."

हर्षालीने तारीख टाकली. पडद्यावर चौक आला. संजनाला आधी स्वतःची पाठ दिसली, निळी साडी, खांद्याला पर्स. आपण चालताना इतकं वाकतो हे तिला माहीत नव्हतं. मागून दुचाकी आली. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट, नंबर प्लेटवर चिखल थापलेला. मागे बसलेल्याचा हात पुढे आला. निळी साडी खाली कोसळली.

"पाहिलंत?" देवरे म्हणाले. "हेल्मेट, वर चिखल. आता यात कॅमेरा तरी काय करणार?"

पण संजना तिथे पाहत नव्हती. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, गल्लीच्या तोंडाशी पुंजा पेरू रचत होता. हिसका बसला त्याच क्षणी त्याने मान वर केली. हातातला पेरू टाकला. दोन्ही हातांनी दांडी धरली आणि अख्खी गाडी जोर लावून दुचाकीच्या वाटेत ढकलली. दुचाकीचं हँडल गाडीच्या कडेवर आदळलं. मागे बसलेला एका बाजूला लटकला, पडता पडता सावरला. गाडी भोवऱ्यासारखी फिरली. पुंजाचा उजवा हात दांडी आणि भिंत यांच्यामध्ये गेला, त्याचं तोंड वेदनेने उघडलं, तरी त्याने तो हात ओढून काढून वर केला आणि समोरच्या चहाच्या टपरीकडे पाहून ओरडायला लागला. टपरीवर पाच माणसं ग्लास घेऊन उभी होती. एकही हललं नाही. एकाने खिशातून मोबाइल काढला. आणि तेव्हा, निळी साडी नेसलेली बाई धावत आली आणि फिरलेल्या गाडीवर आदळली.

"पुन्हा लाव," संजना म्हणाली.

"मॅडम, एकदा म्हणालो होतो..."

"पुन्हा लाव, बाळ."

हर्षालीने देवऱ्यांकडे न पाहता पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदाही लावलं. तिसऱ्यांदा संजनाने फक्त त्या हाताकडे पाहिलं, भिंतीत सापडलेल्या.

"ही फाइल आधी कोणी पाहिली होती का?" तिने विचारलं. आवाज वर्गात असतो तसाच निघाला.

हर्षालीने माउस हलवला. पडद्याच्या कडेला एक यादी उघडली. "हो मॅडम. सहा तारखेलाच. संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी. ठाण्याकडून मागणी आली होती."

देवऱ्यांनी तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "तुला कोणी विचारलं?"

"मॅडमनी विचारलं सर."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर संजनाने मोबाइल परत घेतला, पण पर्समध्ये टाकला नाही, हातातच आवळून धरला.

"तुम्ही त्याच संध्याकाळी पाहिलं होतं," ती म्हणाली. "आणि नंतर त्याला दोन दिवस ठेवलंत."

"हळू बोला. पाहण्याचेही प्रकार असतात, मॅडम. त्या चित्रात गाडी ढकलताना माणूस दिसतो. का ढकलली ते दिसत नाही. का ते कोणी सांगितलं? तुम्ही. फिर्यादी म्हणते, मला अडवलं, ओरडून इशारा दिला. मुख्याध्यापिका. सही तुमची. आता मी तुमच्यावर विश्वास ठेवायचा की पेरूवाल्यावर?"

तिला सगळ्यात जास्त संताप याचा आला, की या माणसाचं म्हणणं खोटं होतं आणि त्यातला तिचा वाटा मात्र खरा होता.

"आणि तुम्हाला एक सांगतो," देवरे पुढे बोलू लागले. आता ते पडद्यावर आकडे दाखवायचे तसे बोलत होते. "टाकी चौकात कॅमेरे बसल्यापासून दीड वर्षात चेन स्नॅचिंगचा एकच गुन्हा. तो तुमचा. आधी महिन्याला दोन व्हायचे. हा फरक नाही का?"

"आणि मागे पाइपलाइनच्या रस्त्यावर? तिथे आमच्या सुलाबाईच्या भाचीचा मोबाइल गेला. दोन शिक्षिकांच्या पर्स गेल्या. दिवाळीपासून."

"तिथे कॅमेरा नाही."

"चोर आहेत ना?"

"म्हणूनच तर चाळीस बसवतोय."

"म्हणजे ते त्याच्याही पलीकडच्या गल्लीत जातील."

"मग तिथेही बसवू," देवरे म्हणाले, आणि प्रथमच त्यांचा आवाज चढला. "तुम्हाला नक्की हवंय काय? तुमचा एक गुन्हा आहे, त्यात एक आरोपी आहे. तो काढला तर शून्य उरतं. चोर नाही, माल नाही, साथीदार नाही. चार कॅमेऱ्यांखाली भरदिवसा चोरी आणि हातात शून्य. हे मंगळवारी सांगणार आहात का तुम्ही?"

"मी नवा जबाब देणार आहे. आणि या चित्रणाची प्रत मला लेखी मागायची आहे."

"द्या जबाब. पण मग आधीचा खोटा होता असं होतं. खोटी माहिती दिल्याबद्दल काय होतं ते वकिलाला विचारून या."

तिने वकिलाला विचारलं नाही. त्याच संध्याकाळी ठाण्यात बसून तिने दोन पानं लिहिली, नवा जबाब आणि चित्रणाच्या प्रतीसाठी अर्ज, शाळेत वार्षिक अहवाल लिहायची तशी, एकही शब्द न खोडता. ठाणे अंमलदाराने ती तीनदा परत केली. एकदा समास नाही म्हणून, एकदा साहेब नाहीत म्हणून, एकदा कारणच न सांगता. ती बाकावर बसून राहिली. ठाण्याच्या आवारात, पकडून आणलेल्या दुचाकींच्या रांगेत पुंजाची हातगाडी उभी होती. एक चाक वाकलेलं, फळीवर कबुतरांची घाण. साडेसात वाजता तिच्या प्रतीवर शिक्का पडला.

चित्रण तीस दिवस राहतं आणि मग आपोआप पुसलं जातं, हे तिला तिथेच कळलं. त्या दिवशी सव्विसावा दिवस होता.

घरी रवीने, तिच्या नवऱ्याने, दोन्ही पानं वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्याला सोडलंय ना? आता उकरून काय काढतेस? उद्या पेपरात येईल, मुख्याध्यापिकेचा खोटा जबाब. संस्थेची माणसं सोडतील तुला?"

"खोटाच होता."

"चूक होती. चूक आणि खोटं यात फरक असतो."

"पुंजाला नसेल वाटत," ती म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली.

सोमवारी ती परत ठाण्यात गेली, बुधवारीही गेली. साहेब बंदोबस्तावर होते. बुधवारी तिसावा दिवस होता. अर्ज करून बारा दिवस झाल्यावर शाळेच्या पत्त्यावर एका ओळीचं उत्तर आलं: मागणी केलेले चित्रण उपलब्ध नाही. जबाबाचं काय झालं याविषयी त्यात काहीच नव्हतं.

मधल्या मंगळवारी मांडव पडला होता, नारळ फुटला होता. संजनाने रजेचा अर्ज टाकला होता. आपण नसल्यावर ती पाच मिनिटं गाळतील असं तिला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुलाबाई हजेरीपट घेऊन केबिनमध्ये आली आणि दार लोटून घेतलं.

"तुमच्या नावानं वाचलं त्यांनी," ती म्हणाली. महिन्याभरानंतर ती पहिल्यांदा बोलत होती. "बाईंची तब्येत बरी नाही म्हणाले, आणि तुमचं भाषण म्हणून वाचलं. साथीदार पुंजा पगारे. माइकवर. पोरं होती, त्यांच्या आया होत्या, आमच्या वसाहतीतल्याही होत्या. टाळ्या वाजल्या."

संजनाने हजेरीपट उघडला, पानं उलटली, मिटला.

"पुंजा आता कुठे असतात?"

"कशाला? अजून काही करायचं राहिलंय का?"

"त्यांना भेटायचंय."

"आधी भेटायचं होतं," सुलाबाई म्हणाली. पण जाता जाता दारातून तिने सांगितलं, "देवळाली कॅम्पात. बाजारात. रविवारी दिवसभर असतो."

ती लगेच गेली नाही. हातात चित्रणाची प्रत घेऊन जावं, असं तिने ठरवलं होतं. ते एका ओळीचं उत्तर आलं तेव्हा आता कशाची वाट पाहायची हेही उरलं नाही, आणि त्या रविवारी ती बसने कॅम्पात गेली. बाजार भरला होता. पिशव्या घेतलेले जवान, त्यांच्या बायका, हिंदीत, पंजाबीत, मराठीत घासाघीस चाललेली. एका बेकरीच्या पुढे भाड्याची लहानशी गाडी होती आणि तिच्यामागे पुंजा. तो डाव्या हाताने तोलत होता. उजव्या हाताची दोन बोटं सरळ राहिली होती, मिटत नव्हती. पिशवीचं तोंड त्याला धरता येत नव्हतं, ते त्याची बायको चतुराबाई धरत होती.

पुंजाने तिला ओळखलं. ताजव्यातला पेरू त्याने काढून परत रचला आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "पुढं बघा, मावशी."

"मी नवा जबाब दिलाय," संजना म्हणाली. इथे येईपर्यंत तिने बसमध्ये बरीच वाक्यं जुळवली होती, त्यांतलं हे नव्हतं. "मी कॅमेऱ्यात पाहिलं. तुम्ही गाडी त्यांच्या आडवी घातली होती. माझी चूक झाली. तुमचा काहीही दोष नव्हता."

पुंजाने पेरूंवरचं ओलं फडकं उचललं, पिळलं, पुन्हा पसरलं.

"हे म्या सांगितलं व्हतं तुम्हाला," तो म्हणाला.

"हो."

"तीनदा सांगितलं. हात दाखीवला. तुम्ही माझ्याकडं बघत व्हत्या."

"हो."

"तवा नाय पटलं. आता डब्यात दिसलं तर पटलं." त्याचा आवाज चढला नव्हता. उलट तो इतका सपाट होता की शेजारच्या बेकरीवाल्यालाही काही कळलं नसतं. "तो डबा नसता तर?"

संजनाने त्या न मिटणाऱ्या दोन बोटांकडे पाहिलं.

"नांदगाव सोडून सतरा वर्सं झाली," पुंजा म्हणाला. "त्या चौकात एक बाई गाडीखाली आली तवा मीच उचलली व्हती. एकाचं पाकीट मारलं, मी धरला व्हता पोराला. तवा वर कॅमेरा नव्हता. आता कोनाचं काय बी वढू द्या बाई, मी गाडी इंचभर हलवनार नाय. हे बी लिव्हा तुमच्या जबाबात."

"नुसती माफी मागून जाऊ नका," चतुराबाई मध्येच म्हणाली. ती गाडीला वळसा घालून पुढे आली. "इथं कोन ऐकतंय? हितल्या लोकांना काय ठावं आमचं? आमच्या वसाहतीत कोनाची कळशी हरवली तरी आधी आमच्या दाराकडं बघत्यात. माझी पायल नर्सिंगला जाती. शेजारनीच्या घरी गेली तर निघताना तिला पर्स उघडून दाखवायला लावली. तुमच्या भाषनानंतर. माइकवर बोलल्या ना तुम्ही?"

"ते मी नाही बोलले."

"तुमच्या नावानं बोलले ना?"

"हो."

"मग तुमच्याच तोंडानं सांगा. आमच्या दारात नाय. त्यांच्या दारात. एकेकाच्या."

"सांगते," संजना म्हणाली. "कधी येऊ?"

चतुराबाईला हे अपेक्षित नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. पुंजा फडक्यावर पाणी शिंपडत होता.

"आत्ता," ती म्हणाली.

"चला."

पुंजा आला नाही. दोघी बसने निघाल्या, एकाच बाकावर बसून. वसाहतीच्या तोंडाशी बुद्धविहार होतं, निळा झेंडा, शेजारी पाण्याचा नळ. दुपारचे साडेबारा वाजले होते. घराघरांतून फोडणीचा वास येत होता, टीव्ही चालू होते. चतुराबाई तिच्या चार पावलं मागे थांबली. हे दार, ते दार, असं तिने काही दाखवलं नाही.

संजनाने पहिल्या दाराची कडी वाजवली.

दार नवनाथने उघडलं. हा विहाराच्या कमिटीवर होता, पोस्टात कारकून होता, तिच्या शाळेत त्याचा मुलगा शिकून गेला होता. त्याने तिला लगेच ओळखलं आणि "या ना मॅडम" म्हणत बाजूला झाला. मग मागे उभ्या चतुराबाईकडे त्याची नजर गेली आणि तो पुन्हा दारात उभा राहिला. चौकटीवर एक छोटा पांढरा कॅमेरा लावलेला होता, नवाकोरा.

"आत येत नाही," संजना म्हणाली. "एवढंच सांगायला आलेय. पुंजा पगाऱ्यांबद्दल मी पोलिसांना जे सांगितलं ते चुकीचं होतं. ते चोरांचे साथीदार नव्हते. त्यांनी चोरांना अडवायला गाडी ढकलली, त्यात त्यांचा हात गेला. तुमच्या मनात काही असेल तर काढून टाका."

नवनाथने ऐकून घेतलं. तो भला माणूस होता, त्यामुळे थोडा विचार करून बोलला.

"सापडला का चोर मग?"

"नाही."

"कोर्टाचा काही कागद? पोलिसांचा?"

"नाही. मी नवा जबाब दिलाय."

"व्हिडिओ असेल ना पण? टाकी चौकात चार-चार कॅमेरे आहेत."

"होता. पुसला गेला. तीस दिवसांनी पुसतात."

"अच्छा," नवनाथ म्हणाला. आतून त्याच्या बायकोने कोण आहे म्हणून विचारलं, त्याने हात हलवून तिला थांबवलं. "मग आम्ही कशावरून धरायचं मॅडम? राग नका मानू. लोक मलाच विचारतात, कमिटीवर आहे म्हणून."

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

नवनाथ अवघडला. त्याने चौकटीवर हात टेकवला.

"तेव्हाही डोळ्यांनीच पाहिलं होतं ना?" तो म्हणाला.

त्याने हे दुखवण्यासाठी विचारलं नव्हतं. त्याला खरंच उत्तर हवं होतं, आणि ते येईल म्हणून तो दारात थांबला. मग त्याने हळूच दार लोटलं. आत टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा झाला.

संजना उंबऱ्याबाहेर उभी होती. ऊन डोक्यावर आलं होतं. पर्सचा पट्टा खांद्यावरून घसरला होता, तो तिने वर घेतला नाही. आता चतुराबाई हसेल, किंवा चार शब्द सुनावेल, असं तिला वाटलं. तिने त्यासाठी मान वळवली.

चतुराबाई हसत नव्हती. पदराने तिने कपाळावरचा घाम पुसला, शेजारच्या बंद दाराकडे पाहिलं आणि पुन्हा संजनाकडे पाहिलं.

"व्हा पुढं," ती म्हणाली. "लय दारं हायेत."